कीबोर्डवरचे ठसे

आमच्या बियाणे कंपनीत विज्ञान म्हणजे मी, हे २००३ सालापर्यंत सर्वमान्य होतं. रसायनशास्त्रात एम. एस्सी., उगवणशक्तीच्या चाचण्यांत चूक नाही, बोलणं मोजकं. मग बिलं करणाऱ्या नंदाबाई औरंगाबादला सायबर गुन्ह्यांच्या तपासाचा छोटासा कोर्स करून आल्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय ऑफिसात कुणी माउसही हलवेना. कॉमर्सच्या पदवीधर! मला मत्सर वाटला नाही. फक्त ॲसिडिटी वाढली.

ऐन नवरात्रात कुणीतरी कंपनीच्या ईमेलवरून सगळ्या विक्रेत्यांना निम्म्या भावाची खोटी यादी पाठवली. नंदाबाई वाटूरला माहेरी गेलेल्या. त्या येईपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, असं मालक अण्णासाहेबांनी बजावलं.

मला हात लावायचाच नव्हता, हाताचे ठसे घ्यायचे होते! नंदाबाई परतण्याआधी चोर माझ्या नावावर हवा होता. प्रयोगशाळेतली ग्रॅफाइटची भुकटी मी ब्रशनं कीबोर्डवर पसरली. ठसे जत्रेतल्या चपलांसारखे एकावर एक. नीट दिसेनात, म्हणून आणखी भुकटी टाकली. जास्त झाली, म्हणून फुंकर मारली.

"ताई, काय करून राह्यल्या?" शिपाई भिवानं विचारलं.

"तपास," म्हणाले आणि कॉम्प्युटर चालू करायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आपोआप धावू लागली. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्यानं उडालेली भुकटी आत ओढली, चट्ट आवाज झाला आणि सगळं काळं. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, हे मी दर वर्षी प्रयोगशाळेत कामाला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते.

नंदाबाई आल्या, पाहिलं, रुमालानं खुर्चीवरची भुकटी झटकली. हे जास्त लागलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांनी तोच ईमेल उघडून तो निघाला कुठून ते शोधलं: जुन्या जालन्यातला एक सायबर कॅफे. पोलिसांनी तिथून माग काढून आमचा गेल्या वर्षी कामावरून काढलेला सेल्समन पकडला. आमचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर चिकटवलेला होता, तेवढा त्याला पुरला. नंदाबाईंनी तो बदलला आणि चिठ्ठी फाडून टाकली.

"मंग ह्या कीबोर्डवर ठसे कुणाचे?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"आपल्या सगळ्यांचे. चोर इथं आल्ताच कुठं?" नंदाबाई म्हणाल्या. "पावडर तेवढी ताईंची."

जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. खंडेनवमीला नवा आला, तोही नंदाबाईंच्या टेबलावर! पूजेचा मान वयानं मोठी म्हणून मला. हळदकुंकू वाहिलं. भिवानं नारळ पुढं केला.

"फोडायचं काम तुमीच करा ताई. तुमचा हात बराबर बसलाय."

एका फटक्यात फुटला.