डोमाजींची दोरी

डोमाजी वस्तीत शिरले की दोऱ्यांवरचे सदरे आधी पळत, माणसं मागाहून.

निराधार योजना तेव्हा नवी होती. ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशांना महिन्याचं अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर डोमाजी आणि मी बिनसरकारी सदस्य होतो. समितीवर निःपक्ष माणसं हवीत असा वरून आदेश होता. मी शाळामास्तर, आणि भित्रा इतका की दोन्ही पक्षांच्या सभेला पुढच्या सतरंजीवर बसून सारख्याच टाळ्या वाजवायचो. माझ्याहून निःपक्ष माणूस अख्ख्या वर्ध्यात सापडला नाही.

डोमाजींचा जन्म जकात नाक्यावर गेलेला. बैलबंडीतल्या मालात लोखंडी सळई खुपसायची आणि आत काय दडवलंय ते हुडकायचं. निवृत्तीनंतर सळई गेली, खुपसणं राहिलं. ते अर्जदाराला काही विचारत नसत. ऐन दुपारी न सांगता जायचं आणि अंगणातली कपड्यांची दोरी पाहायची. बाई म्हणते मला कोणी नाही, आणि दोरीवर पुरुषाचा सदरा वाळतोय? म्हणजे कमावता मुलगा घरात आहे. नामंजूर!

‘मानूस खोटं बोलते, गुर्जी. दोरी नाई.’

अर्जदाराच्या घरचं पाणीही ते घेत नसत. खांद्याला स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या. आणि दिवस कलला की एकच घाई, ‘चाला, घरी वाट पाहून राह्यली असन.’ ज्या बाईला डोमाजी भितात ती बाई काय ताकदीची असेल, या विचारानं मी त्यांच्या नालवाडीच्या घराकडे कधी फिरकलो नव्हतो.

सिंदी रेल्वे या गावी बाजाराच्या मागं अंजनाबाई नावाची म्हातारी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एका डोळ्यानं अंधार. कापूस वेचणं सुटलं तसं चूलही कधी पेटायची, कधी नाही. पण मागल्या खेपेला तिच्या दोरीवर निळा सदरा दिसला आणि अर्ज फेटाळला गेला. ‘कोनाचा?’ असं डोमाजींनी सगळ्यांदेखत विचारलं, तर ती नुसती जमिनीकडे पाहत राहिली. तिनं पुन्हा अर्ज केला. ही शेवटची संधी, असं तहसीलदारसाहेबांनी बजावलं होतं.

आम्ही निघालो. डोमाजींना वाटेत कोणी गाठलं, म्हणून मी पुढं गेलो. पाहतो तर दोरीवर तोच निळा सदरा! आता म्हातारी उपाशी मरणार, आणि त्या कागदावर माझीही सही असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी शौर्य केलं. सदरा ओढला आणि माझ्या सदऱ्याच्या आत कोंबला. ओला होता. पोटाला गार लागलं तेव्हा आपण काय केलं ते उमगलं, पण तोवर दारातून किंकाळी आली होती.

‘चोर! चोर! धावा वो!’

हमाल धावले, बंडीवाले धावले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. माझं पोट फुगलेलं, बटणांमधून निळी बाही लोंबतेय, आणि तोंडातून एवढंच निघतंय, ‘मी... समितीचा...’

‘सरका!’ मागून डोमाजी गरजले. ‘गुर्जी तपासणी करून राह्यले. सदरा वाळला का नाई ते! तुमच्या घरच्या दोऱ्या पाहू का आता?’

अंगण रिकामं झालं. अंजनाबाईनं माझ्या पोटातून सदरा ओढून छातीशी धरला.

‘भांडे ने बाप्पा. सदरा नको नेऊ.’

‘कोनाचा हाये?’ डोमाजींनी या वेळी हळू विचारलं.

‘माह्या मालकाचा. लई वर्सं झाली त्यायले जाऊन. एक डाव रातच्यानं कोनीतरी दाराची कडी हालवून गेलं. मी तोंडात पदर कोंबून बसली. तवापासून रोज धुतो अन् टाकतो दोरीवर.’

‘मंग मांगच्या खेपेले काऊन नाई सांगतलं?’

‘सारे उभे होते ना अंगनात. हंगामात कुठचे कुठचे हमाल येते. त्यायले समजलं असतं, का सदऱ्यात कोनीच नाई.’

डोमाजींनी खांद्यावरचा तांब्या खाली ठेवला आणि तिच्याकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सदरा त्यांनी स्वतः दोरीवर टाकला. रस्त्यावरून दिसेल असा.

बैठकीत सिंदीचे गोदामवाले शेठही होते. ते सारे हमाल त्यांचेच. तहसीलदारसाहेबांनी विचारलं, ‘सदऱ्याचं काय निघालं?’ खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते गोदामात पोचणार.

‘भावाचा हाये, साहेब,’ डोमाजी म्हणाले. ‘कमरेतून अधू झाला म्हनून कमाई नाई. पन पहिलवान मानूस. झोप कमी, अन् काठी उशाशीच.’

‘आम्ही नाही कधी पाहिला,’ शेठ म्हणाले.

‘दिसत नाई तेच बरं हाये. गुर्जीले इचारा.’

सगळे माझ्याकडे वळले. मी घाबरून दोन्ही हात फाकवले. ‘एवढी... एवढी छाती!’ बाकी काही असो, माझ्या चेहऱ्यावरची भीती अस्सल होती. अनुदान मंजूर झालं.

बाहेर आल्यावर डोमाजी माझा दंड धरून चालू लागले. ‘आयुष्यात पयल्यांदा खोटं बोललो, गुर्जी. घरापर्यंत चाला.’

नालवाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अंगणात दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. या पराक्रमात आपलाही वाटा आहे हे कळावं म्हणून मी दाराकडे तोंड करून ओरडलो, ‘वहिनी, चहा टाका! आज आम्ही मोठं काम करून आलो!’

दाराला कुलूप होतं.

डोमाजींनी कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

‘दव पडाच्या आत काढा लागते,’ ते लुगड्याकडे वळून म्हणाले.

ते उतरवून घडीसाठी एक टोक त्यांनी सवयीनं खिडकीच्या गजाला बांधायला घेतलं. त्या एकाच गजाचा रंग घासून पार उडालेला होता. मी पुढं होऊन ते टोक त्यांच्या हातातून घेतलं. मग ते दुसरं टोक घेऊन मागं मागं सरकत गेले.

‘तानून धरजा, गुर्जी,’ ते म्हणाले. ‘तिले घडी एकसारकी लागे.’