पाणवठ्यावरचा खोळंबा

बाळांनो, एका जंगलात संगणकाचं कॉलेज होतं. जंगलात कसलं आलंय कॉलेज, असं विचारू नका. तुमचं तरी कुठे गावात आहे?

तिथे झिपरी नावाची वानरी शिकायची. महाहुशार! सगळ्या विषयांत पहिली, फक्त समाजशास्त्रात नापास. तो विषय कासवसर शिकवत. संगणकवाल्यांना समाजशास्त्र हवंय कशाला, हे झिपरीला काही केल्या कळेना. एकदा हजेरीपुरती बसली, तर सरांचं पहिलं वाक्य संपेपर्यंत तास संपला.

शेवटी सरांनी तिला बोलावलं. "एकच प्रश्न. पाणवठ्यावर हरणं इतका वेळ का थांबतात? बघून ये. पास करतो."

झिपरीने झाडावरून पाहिलं. वीस हरणं आलेली. दहा पाणी पितायत, दहा नुसतीच मान वर करून उभी. त्यांत तिची जिवाभावाची मैत्रीण चांदणी चितळही होती. झिपरी रोज वरून पाला टाकायची, चांदणी खाली खायची. बिचारीला ताटकळताना बघून झिपरीला भरून आलं.

तिने उत्तर लिहिलं, "खोळंबा. कारण नंबर लावायचं यंत्र नाही." आणि यंत्रच करून टाकलं.

सर म्हणाले, "अगं, तो खोळंबा नव्हे, तो..."

पुढचं ऐकायला थांबतंय कोण?

यंत्र झकास चाललं. ज्याने त्याने आपापल्या वेळी एकट्याने यायचं, प्यायचं, चालू पडायचं. यंत्र कुणाची जात विचारत नसे. झिपरीला याचा फार अभिमान.

चांदणी म्हणाली, "एकटीला भीती वाटते गं."

"वेडाबाई, गर्दीच नाही तर भीती कसली? तुला पाचची वेळ दिलीय. मस्त ऊन उतरलेलं असतं."

सव्वापाचची वेळ बिबट्याची होती. बिबट्या शिस्तीचा. 'दहा मिनिटं आधी हजर राहावे' ही सूचना त्याने तंतोतंत पाळली.

एरवी बिबट्या दिसला की झिपरी झाडावरून ओरडून जंगल डोक्यावर घ्यायची. आज ती कॉलेजात पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर चांदणीच्या नावापुढे हिरवी खूण आली. भेट पूर्ण. मग बिबट्याचा अभिप्राय आला, "खोळंबा अजिबात नाही. उत्तम सोय."

झिपरी धावत सुटली. पाणवठ्यावर चांदणी नव्हती. झिपरी खूप रडली, अगदी हमसून हमसून रडली. उगाच का सांगू, तिचं चांदणीवर खरंच प्रेम होतं.

तिसऱ्या दिवशी कासवसर पाणवठ्यावर पोचले. धाप लागली होती. झिपरीजवळ बसून त्यांनी आपलं वाक्य पूर्ण केलं.

"...तो पहारा असतो."

तात्पर्य : शिकवणाऱ्याने भराभर बोलावं. मुलांना पुढे यंत्रं करायची असतात.