कडा बोलते

यजमानानं दक्षिणा हातावर ठेवली की गंगेकाठच्या दुर्गाघाटचे बापूकाका आशीर्वादाआधी खिशातून भिंग काढतात. यजमान वाकलेलाच राहतो. काका नाण्याची कडा गोल फिरवून बघतात आणि मग ‘आयुष्मान भव’ म्हणतात, तेही जरा निराश आवाजात.

त्यांना हवं असतं टांकसाळीत चुकलेलं नाणं. छाप सरकलेला, कडा कापली गेलेली, काहीही चालेल. चूक मात्र टांकसाळीचीच हवी, कुणी घरी हातोडी मारून केलेली नको. वेडच आहे, दुसरं काय! हल्ली अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ बघून गल्लीतल्या नावाड्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना लखपती व्हायचं असतं, त्यामुळे काकांच्या ओट्यावर गर्दी असते. काका नाणं आधी वाटीभर पाण्यात बुडवतात. पाणी फिल्टरचंच लागतं. गंगेच्या पाण्यात गाळ असतो, हे भिक्षुक माणूस असल्यामुळे ते हळूच सांगतात. मग भिंग आणि मग निकाल: “किनारा बोल रहा है, गुरू. नकली.” आम्हा मराठी घरांना तोच निकाल मराठीत मिळतो: “कडा बोलते. नकली.”

इतक्या वर्षांत एकही नाणं त्यांच्याकडून पास झालेलं नाही. “एक अस्सल बघून मरायचंय,” असं येताजाता म्हणतात, आणि मी बँकेत आहे म्हणून मला काउंटरवर डोळे उघडे ठेवायला सांगतात.

काकू गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मी त्यांच्याकडे देव उजळायला गेले. काकूंच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीतला एक रुपया माझ्या हातून निसटला. वर सिंह होते, नेहमीसारखे. मागच्या बाजूला हळदकुंकवाचं जाड पूट चढलं होतं, त्याची एक खपली उडाली. तिथेही सिंहच, पण आरशातल्यासारखे उलटे, आत खोल गेलेले. मी काकांना हाक मारली.

त्यांनी भिंग लावलं. “टांकसाळीत आधीचं नाणं साच्यात अडकलं की असं होतं. पण लोक घरी दोन नाणी दाबूनही करतात. कडा बघायला हवी.”

कडा कुंकवानं बुजली होती. मी लगबगीनं फिल्टरचं पाणी आणलं. काकांनी नाणं वाटीवर धरलं, पण बुडवेनात. भिंगातून त्या पुटाकडेच बघत राहिले.

“हिचं बोट उमटलंय इथं,” ते म्हणाले.

“पण काका, अस्सल असलं तर?”

“असेल.”

खाली पडलेली खपली त्यांनी चिमटीत उचलून डबीत ठेवली, वर नाणं ठेवलं, झाकण लावलं. वाटीतलं पाणी तुळशीला घालून ते माझ्याकडे वळले.

“तू बँकेत बघत राहा हो,” म्हणाले.