पहिल्या रकान्यात ‘उगाच’

वयाचा दाखला काढण्याची पद्धत सुटसुटीत होती. खिडकीवरचा प्रोग्राम अर्ज घेई, छापणारा दुसरा प्रोग्राम सुरू करी आणि नाव, वय, कारण एका ओळीत त्याच्या हवाली करी. काम सांगण्याआधी आपल्याला नावाने हाक मारतात, अशी छापणाऱ्याची रीत. म्हणून ओळीतला पहिला शब्द तो आपलंच नाव समजून बाजूला ठेवी. प्रोग्राम लिहिणारी बाई नेमकी ती हाक घालायला विसरली, आणि तिच्या आईचा दाखला असा आला :

नाव : बहात्तर
वय : पोहणे
कारण :

आईला रविवारी ज्येष्ठांच्या पोहण्याच्या शर्यतीत उतरायचं होतं. दाखल्याशिवाय तलावाच्या काठावरही उभं करणार नव्हते. लेक कार्यालयात असून ही तऱ्हा, एवढंच ती म्हणाली. पण चष्मा पुसत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

लेकीने चूक दोन मिनिटांत शोधली. ओळीच्या सुरुवातीला एक शब्द घातला की झालं.

“दुरुस्ती केली तर आधीचे चार हजार दाखले चुकीचे ठरतील,” साहेब म्हणाले. “नाही केली, तर ते फक्त वेगळे आहेत.”

मग परिपत्रक निघालं : अर्जदारांनी पहिल्या रकान्यात एक जादा शब्द लिहावा. नमुना : उगाच.

सगळ्यांनी नमुनाच उतरवला. दाखले बिनचूक येऊ लागले. आईची पाळी शुक्रवारची होती.

गुरुवारी तपासणी पथक आलं. नऊशे अर्ज एकाच शब्दाने सुरू होतात, हे पाहून त्यांनी ठपका ठेवला आणि प्रोग्राम तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. परिपत्रक मात्र राहिलं. ते मागे घेण्याचा अर्ज वेगळ्या खिडकीवर होता, आणि त्याच्याही पहिल्या रकान्यात ‘उगाच’ लिहावं लागे.

“आई, आता पहिल्या रकान्यात सरळ तुझं नाव लिही,” लेकीने बजावलं.

“रांगेतले सगळे ‘उगाच’ लिहितायत. मी एकटीच शहाणी का गं?”

रविवारी काठावर पुकारा झाला, “उगाच!” अकरा आज्या एकदम उठल्या. दाखल्यांवर शिक्के होते, त्यामुळे हरकत कोणी घेतली नाही. आई सातवी आली. पण नोंदीप्रमाणे शर्यत उगाचने जिंकली, म्हणून अकराही जणींच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं.

लेकीला हसू आवरेना. तुम्हालाही आवरत नसेल. तर कपाटातला आपला दाखला काढून पहिली ओळ वाचून घ्या. आणि अर्ज भरताना ‘हे का लिहायचं’ असं खिडकीपाशी आपण विचारलं होतं का, तेही जमल्यास आठवा.