शेवटचं कोण?

कासिल्दाबाईंच्या डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर मंगळवारी डॉक्टरीणबाईंची सही व्हायलाच हवी होती. नाहीतर त्यांचा नंबर थेट पुढच्या वर्षावर जाणार होता. डॉक्टरीणबाई बाराच्या ठोक्याला दुसऱ्या गावी निघत. म्हणून कासिल्दाबाई अकरालाच आरोग्यकेंद्रात शिरल्या आणि वाल्देफ्रेस्नो गावात दवाखान्यापासून मासळीच्या दुकानापर्यंत सगळेच विचारतात तेच त्यांनी विचारलं, "शेवटचं कोण?"

या गावात कोणी रांगेत उभं राहत नाही. जो शेवटचा असतो तो "मी" म्हणतो, आणि नव्याने आलेल्याने त्याच्यावर नजर ठेवून खुशाल कुठेही बसायचं. त्या दिवशी अकरा माणसं बसली होती आणि अकराही माना मोबाइलमध्ये होत्या. कासिल्दाबाईंनी पुन्हा विचारलं. एकाने पाय आवरले, एवढंच.

कोपऱ्यात 'सौजन्य सप्ताह' अशा फलकाखाली नगरपालिकेचा सौजन्य-समन्वयक एवारिस्तो बसला होता.

"अरे एवारिस्तो, इथे कोणी तोंड उघडेना. शेवटचं कोण ते तूच सांग."

"तोंडी विचारणा बंद झालीय, कासिल्दाबाई. उत्तर देणाऱ्याच्या मनावर ताण येतो, असं सौजन्य समितीचं मत पडलं. नमुना चार भरा आणि त्यावर शेवटच्या माणसाची सही आणा."

"शेवटचं कोण, तेच तर विचारतेय ना मी."

"ते सही झाल्यावर कळेल."

"तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय रे."

"त्याची आमच्याकडे नोंद नाही."

त्या नमुना चार घेऊन खुर्चीखुर्चीपाशी गेल्या. पण सही करणाऱ्यावर त्याच्या मागच्याच्या वर्तनाची जबाबदारी येते, असं तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं. दाढीवाल्या इलेक्ट्रिशियनने हात झटकले. नोटरीच्या बायकोने तर "मी तुम्हाला शेवटची वाटते?" असं विचारलं. साडेअकराला एवारिस्तोने निष्कर्ष नोंदवला: शेवटचं कोणीही नाही, ज्या रांगेला शेवट नाही तिला सुरुवातही नसते, सबब केंद्रात आज रुग्ण नाहीत.

यावर मात्र सगळे खवळले. एवारिस्तोने शांतपणे तक्रारीचा नमुना नऊ वाटला. मोबाइल खिशात गेले आणि पेनं बाहेर आली.

कासिल्दाबाईंनी कागद बऱ्या डोळ्याजवळ धरला. लोकांना साधी रीतभात उरली नाही, माणूस विचारतोय तर कोणी उत्तरसुद्धा देत नाही, हे त्यांनी मनापासून लिहायला घेतलं. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. वाक्य ऐन रंगात आलं होतं, तेव्हा आतलं दार किलकिलं झालं.

"एकाला बघण्यापुरता वेळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं कोण?"

कासिल्दाबाईंच्या कानावर काहीतरी आलं. देईल कोणीतरी उत्तर, असं मनाशी म्हणत त्यांनी वाक्य पुरं केलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, जरा वाट पाहिली, दिवा मालवला आणि त्या निघून गेल्या. बारा वाजले होते.

बारा अर्ज जमा झाले. 'उद्धट कोण?' या रकान्यात प्रत्येकाने 'बाकीचे अकरा' असं लिहिलं होतं. गावात इतकं एकमत प्रथमच झालं, असा शेरा मारून एवारिस्तोने सप्ताह यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. कासिल्दाबाईंचा डोळा पुढच्या वर्षावर गेला.

हे वाचताना तुम्हालाही कोणीतरी आठवलंच असेल. त्याला हे जरूर वाचायला द्या. वाचताना त्याला कोण आठवलं, ते मात्र विचारू नका.