अनुक्रमणिका हवी कशाला?

चिकपेटेतल्या मुकुंदरावांच्या साड्यांच्या पेढीत कॉम्प्युटर सांभाळणारा श्रीरंग कामचुकार नव्हता. पण रोज संध्याकाळी फाइली टेपवर उतरवून झाल्या, की कुठली फाइल टेपवर कुठे आहे याची अनुक्रमणिका करायला यंत्र आणखी तासभर खायचं. तेवढ्यात घरी जायची के. आर. पुरमची गाडी निघून जायची, आणि घरी दिव्यश्री बापाशिवाय जेवत नसे. श्रीरंगने अनुक्रमणिकाच बंद करून टाकली. टेपवर तारीख लिहिली की झालं!

आयुधपूजेला मालकीणबाईंनी कात्र्यांबरोबर टेपांनाही भक्तिभावाने कुंकू फासलं. तारखा कुंकवाखाली गेल्या. श्रीरंगनेही वरून हात जोडले.

पुढच्याच आठवड्यात, नेमका दिव्यश्रीचा शाळेतला पहिला नाच होता त्याच दिवशी, मुकुंदरावांनी स्वतःच्या शुभहस्ते काठांच्या नक्षीची फाइल पुसली.

"स्वल्प, जरासं बघ की रे श्रीरंगा. गिऱ्हाईक सकाळच्या विमानानं जाणार. टेपवर आहे ना?"

"आहे, अण्णा."

"मग काढ की! चहा येईपर्यंत होतंय."

अनुक्रमणिका असती तर खरंच झालं असतं. यादी उघडायची, नाव दिसलं की तेवढी फाइल उचलायची. आता एकेक टेप पहिल्यापासून वाचणं आलं. चहा आला, गार झाला.

"एवढ्यात विणकरानं साडी विणली असती रे!"

"अण्णा, पोरीचा नाच आहे हो आज."

"सरी, बरं, मग लवकर काढ!"

फाइल सापडली तेव्हा शाळेत पडदा पडून गेला होता.

घरी बायकोने, संपदाने, त्याच्या हातात एक व्हिडिओ कॅसेट ठेवली. "शेजारच्या वेणुगोपालअण्णांनी नाच घेतलाय यात."

"यात कुठे?"

"काय माहीत? त्यांच्या मेहुणीच्या लग्नानंतर कुठंतरी. पळवू नका म्हणालेत, टेप गुंतते."

दिव्यश्रीला मांडीवर घेऊन श्रीरंग परक्यांचं लग्न बघत बसला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, कोणीतरी मामा रुसले, त्यांची समजूतही काढून झाली. आपल्या हुशारीचा एवढा पश्चात्ताप त्याला जन्मात झाला नव्हता. अखेर दिव्यश्री रंगमंचावर आली, नमस्कार केला, पाय उचलला, आणि कॅसेट संपली.

"पुढं काय झालं गं?" त्याने विचारलं.

"चुकले," दिव्यश्री म्हणाली. "तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होते ना, अप्पा."