सरकत्या दाराची मोहीम

ऐकणारांनी चित्त ठिकाणी ठेवून ऐकावे, मागाहून आमच्या कानी आले नाही म्हणो नये. कचेरीत कोडनवीस आक्कासाहेब, आपोआप उघडणाऱ्या दारांच्या मसलतीत बहुत नामांकित. त्यांनी 'दार' नामे ॲबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे साऱ्या दारांचा थोरला पण अपुरा आराखडा, कोडात उभारिला. त्याचे कलम ऐसे जे, उघडावे हा हुकूम थोरल्याचा, आणि कैसे उघडावे हे त्यापासोन निपजलेल्या ज्या त्या दाराने, म्हणजे लेकराने, आपले आपण लिहावे. न लिहील त्यास कोड तपासणाऱ्या कंपायलर कोतवालाने वेशीवरच अडवावे.

हा कोतवाल कटकटीचा. म्हणोन हाताखालील एक दाढीवाले सरदार वैतागले, आणि थोरल्याच्याच घरी 'उघड' या हुकुमापुढे रिकामा कंस लिहून मोकळे जाहले. रिकामे का होईना, उघडणे थोरल्याने लिहिले ऐसे समजोन कोतवाल गप्प बसला. मग दाढीवाल्यांनी बैठकीच्या दालनाचे सरकते दार रचिले, त्याचे बंद होणे लिहिले, उघडणे विसरले, आणि कोणी हटकिले नाही.

इकडे आक्कासाहेबांस लेकीकडे नात जाहली, मुखदर्शन बाकी, गाडी सांजेची. कचेरीच्या साहेबांचे फर्मान ऐसे की, पाहुण्यांपुढे दार चालवोन दाखवावे, मगच रजा. मग साहेब पाहुण्यांसह दालनात शिरले, आणि दार मोठ्या अदबीने बंद जाहले, आणि उघडेना. रिकामा हुकूम पार पडला म्हणोन संगणकाच्या पडद्यावर मात्र अक्षरे उमटली, 'दार उघडले.' साहेबांनी काचेवर थापा मारिल्या आणि पाहुण्यांस सांगितले की, हे मजबुतीचे प्रात्यक्षिक.

"आक्का, फोडू का दार?" दाढीवाले बोलिले.

"आधी सांग, माझ्या क्लासात हात कोणी घातला?"

"अहो, नुसता कंस टाकला. रिकामाच तर होता!"

"रिकामा होता म्हणूनच साहेब आत आहेत, बाबा!"

मग आक्कासाहेबांनी बाह्या सारिल्या, आणि कंस पुसोन हुकूम पुनरपि ॲबस्ट्रॅक्ट केला, आणि कोतवालाने तत्काळ आरोळी ठोकिली की, सरकत्या दाराने उघडणे लिहिले नाही! मग एकच ओळ लिहिली, डावीकडे सरकावे, आणि दारास रवाना केली.

दार सरकले. साहेब घामाघूम निघाले, पाहुणे मजबुतीवर निहायत खूश. रजा उभ्या उभ्या मंजूर जाहली, आणि दाढीवाल्यांस सक्त ताकीद की, कोतवालाचे तोंड पुन्हा रिकाम्या कंसाने बंद करो नये.

येणेप्रमाणे दार फत्ते, रजा हस्तगत, आणि दुसरे दिवशी नात मांडीवर, ऐसे दप्तरी दाखल केले. रडावे हा हुकूम तिला जन्मतःच होता; कैसे रडावे हे तिने आपले आपण लिहिले होते, आणि ते ऐकोन शेजारची चार घरे जागी जाहली.